अनुभवाचा रकाना

लातूरच्या दवाखान्यांच्या गल्लीत माणिकप्पांचं मेडिकल आहे आणि त्या मेडिकलात सिद्धलिंग बिरादार अठ्ठावीस वर्षं उभा आहे. उभा म्हणजे खरोखर उभा. बसायला एक स्टूल आहे, पण त्यावर कायम सलाइनची खोकी असतात. गल्लीतल्या कुठल्याही डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागलं नाही की चिठ्ठी फिरत फिरत सिद्धलिंगकडे येते. तो ती डोळ्यांपासून लांब धरतो, एकदा बघतो आणि मागं न वळता हात फळीवर टाकतो. हातात येतं ते नेमकं तेच औषध असतं. खेड्यापाड्यातून आलेल्या म्हाताऱ्यांना गोळी कशी घ्यायची ते तो तीनदा सांगतो, मग चौथ्यांदा त्यांच्याकडून वदवून घेतो, आणि तोपर्यंत मागं कितीही रांग लागो.

पण हा माणूस फार्मासिस्ट नव्हता. कायद्यानं औषध द्यायचं ते नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनं, आणि दुकानात तसा फार्मासिस्ट फक्त भिंतीवर होता. परभणीकडच्या एका बाईंचं प्रमाणपत्र काचेत बसवून टांगलेलं होतं. त्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला जायचं आणि बाई मात्र दुकानाची पायरी कधी चढल्या नव्हत्या. सिद्धलिंग रोज सकाळी त्या काचेवर फडकं मारायचा. दुसऱ्या कुणाचा जळफळाट झाला असता, याला मात्र आपलीही पाळी येईल असं वाटत राहिलं, आणि त्यातच त्याचं अर्धं आयुष्य गेलं.

हे वाटायला लावलं माणिकप्पांनी. सिद्धलिंग उदगीरला अकरावी सायन्सला होता. दहावीला एकाहत्तर टक्के घेऊन आलेला, मास्तरांच्या डोळ्यांत भरलेला. वडील अचानक गेले आणि चुलत्यानं त्याला लातूरला आणून माणिकप्पांच्या दुकानात लावलं. सायन्सची प्रॅक्टिकलं दुपारी, दुकानाची गर्दीही दुपारीच. पेच पडला. माणिकप्पांनी तो एका वाक्यात सोडवला.

"सकाळचं आर्ट्स कॉलेज धर की. सात ते दहा. बारावी झाल्याशी मतलब. फार्मासिस्ट व्हायला बेडूक कापावं लागतंय व्हय? मी कुठं कापलो? इथं बारा वर्षं काढ, सरकार अनुभव बगून नंबर देतंय. मला न्हाई का दिला?"

माणिकप्पांना खरोखरच दिला होता. जुन्या काळी हाताखाली तयार झालेल्या कंपाउंडरांची नावं सरकारनं रजिस्टरात चढवली होती, त्यात त्यांचंही चढलं. पण ती मुभा कधीच संपली होती, सिद्धलिंग पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जायला लागण्याच्याही आधी. माणिकप्पा खोटं बोलले असं म्हणवत नाही. म्हातारा मनानं चांगला होता, पोराला बसवेश्वराच्या जत्रेला नवे कपडे करायचा. पण एका पोराचं शिक्षण वळवताना एकदा कुणाला तरी विचारून बघावं, एवढी तसदी त्यांनी घेतली नाही, आणि याची चीड आल्याशिवाय राहत नाही.

सिद्धलिंगनं आर्ट्स धरलं. इतिहास, राज्यशास्त्र, सहकार. बारावी झाली, लग्न झालं, नीलाबाई घरात आली, अक्षरा झाली. माणिकप्पांनी दुकानाच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला लिहून दिला होता, त्यावर दर पाच वर्षांनी नवी तारीख पडायची. तो दाखला सिद्धलिंगनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. घरी कुणी विचारलं तर सांगायचा, "आपला नंबर लागायलाय." अक्षरा शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं 'फार्मासिस्ट' लिहायची. त्यानं ते कधी खोडलं नाही. वाचायचा, पेनचं टोपण लावायचा आणि सही करायचा.

माणिकप्पा वारले. मुलगा अमरेश गल्ल्यावर बसला. २०२२ साली अक्षरा बारावी सायन्स झाली आणि पोरीनं स्वतःच्याच तोंडानं सांगितलं की मला डी. फार्मसीला जायचंय. सिद्धलिंगनं त्या दिवशी दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले, शेजारच्या दवाखान्यात सलाइन लावलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनासुद्धा.

दुसऱ्या फेरीत नांदेडच्या एका कॉलेजात तिचं नाव लागलं. बापलेक सकाळच्या एसटीनं निघाले. अहमदपूर मागं पडल्यावर अक्षरा मोबाइलवर माहितीपत्रक वाचत होती, ती एकदम म्हणाली, "अप्पा, वयाची अटच न्हाई हो ह्याला! सतरा पूर्ण पायजे, वर कितीबी चालतंय. पुढल्या वर्षी तुमी बी फॉर्म भरा की. मी सेकंड इयरला, तुमी फर्स्ट इयरला. मी तुमचं रॅगिंग करते."

सिद्धलिंग हसला. खिडकीबाहेर बघत राहिला. अक्षराला माहीत नव्हतं की तिच्या कागदांच्या फाइलखाली, त्याच्या कापडी पिशवीत, त्याची स्वतःची बारावीची गुणपत्रिका आणि माणिकप्पांचा दाखला होता. आदल्या दिवशी त्यानं ते गुपचूप काढून घेतले होते. आर्ट्सवाल्याला घेत नाहीत हे त्यानं इकडून तिकडून ऐकलं होतं. पण इतकी वर्षं ज्यावर विश्वास ठेवला तो असा ऐकीव गोष्टीवर सोडवत नव्हता. खिडकीवरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

कॉलेजच्या खिडकीवर सिंधु नावाच्या बाई होत्या. चष्मा कपाळावर, बोटात ओला स्पंज. अक्षराचे कागद त्यांनी एकेक करून लावले. दहावी, बारावी, टीसी, रहिवासी दाखला. भौतिक, रसायन, जीव, तिन्ही विषयांखाली पेन्सिलनं रेघ मारली. एक झेरॉक्स कमी होती, ती आणायला अक्षरा गेटकडं पळाली.

तेवढ्यात सिद्धलिंगनं पिशवीत हात घातला.

"मॅडम, हे एक बगता का? माझं हाय."

सिंधुबाईंनी चष्मा खाली घेतला. गुणपत्रिका वाचली, मग दाखला वाचला. तो शेवटपर्यंत वाचला, हे मात्र सांगायला पाहिजे.

"मामा, ह्याच्यात फिजिक्स कुठं हाय? केमिस्ट्री? हे तर आर्ट्स हाय."

"आर्ट्स हाय, हाव. पण पंचवीस वर्षं झाली मेडिकलात. कोणत्याबी गोळीचं नाव घ्या, आत काय हाय, कितीची हाय, कोणाला चालत न्हाई, समदं सांगतो. विचारून बगा."

"मी कशाला विचारू, मामा. मला दिसून राहिलं." त्या खरंच हळू आवाजात बोलत होत्या. "पण बारावी सायन्सच लागते. आन् फॉर्ममधी अनुभवाचा रकानाच न्हाई. मी हे लिहू कुठं?"

असं म्हणून त्यांनी अक्षराचाच भरलेला फॉर्म उलटा करून त्याच्यापुढं सरकवला, त्यानं स्वतः बघावं म्हणून. सिद्धलिंगनं बोट ठेवून वरपासून खालपर्यंत सगळे रकाने वाचले. जात होती, उत्पन्न होतं, रक्तगटसुद्धा होता. मागं अक्षरा झेरॉक्स हातात धरून उभी होती. कधी आली होती कुणास ठाऊक. तिनं गुणपत्रिका बघितली, दाखला बघितला, आणि वडिलांच्या व्यवसायापुढं आपणच लिहिलेला शब्दही बघितला.

पेन घेऊन तिनं तो शब्द खोडला आणि वर 'खाजगी नोकरी' असं लिहिलं. लेकीनं आपली लाज राखायला हे केलं हे सिद्धलिंगला कळत होतं, आणि तरी त्याला इतकं वाईट वाटलं की परतीच्या एसटीत लोह्यापर्यंत त्याला तिच्याकडं बघवेना. लोह्याला तिनंच शेंगदाण्याची पुडी घेतली, अर्धी त्याच्या हातावर ओतली आणि म्हणाली, "मी होते की फार्मासिस्ट. तुमी मला शिकवा. काउंटरवर आपण दोघं उभारू."

त्या दिवसापासून सिद्धलिंगला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपल्या घरातलं माणूस स्वतःच्या नावानं, हक्कानं त्या काउंटरमागं उभं राहिलेलं बघायचं. अमरेशही म्हणाला, "मामा, दुकान तिचंच समजा." दोन वर्षं अक्षरा नांदेडच्या होस्टेलवर राहिली. सुट्टीत आली की दुकानात बापाच्या शेजारी उभी राहायची. गिऱ्हाइकाला तिसऱ्यांदा सांगून चौथ्यांदा वदवून घ्यायची, अगदी त्याच्यासारखं. पहिल्या वर्गात पास झाली, नोंदणीचा नंबर आला. परभणीच्या बाईंना सरकारी नोकरी लागली होती, त्यांनी आपला कागद काढून नेला. त्या जागी अक्षराचा लागला. 'अक्षरा सिद्धलिंग बिरादार.' आपलं नाव मधोमध का होईना भिंतीवर लागलं, म्हणून सिद्धलिंग नीलाबाईला मुद्दाम घेऊन आला आणि दाखवून गेला.

अक्षरा तीन महिने काउंटरवर उभी राहिली. मग हिमायतनगरचं स्थळ आलं. रुद्रेश, भुसाराचं दुकान, घर भरलेलं, माणसं आपल्यातली. बैठकीत सिद्धलिंगनं विचारलं, "पोरीला काम करू द्याल न्हवं?" मुलाकडचे म्हणाले, "शिकलेली म्हणून तर करायलाव." याचा अर्थ त्याला हवा तसा त्यानं लावून घेतला. याबाबतीत तो पुन्हा तसाच फसला आणि पुन्हा गोड बोलणाऱ्या माणसांकडूनच.

लग्नानंतर सहा महिने झाले तरी अक्षरा चुलीपुढंच होती. सुनेनं मेडिकलात उभं राहून परक्यांशी बोलायचं हे सासूला पसंत नव्हतं. पण कागदाला भाडं मिळतं हे रुद्रेशला कळलं होतं, आणि ते अमरेशलाही सोयीचं होतं. कागद लातूरला राहिला, भाडं हिमायतनगरला जाऊ लागलं. कुणी कुणाला विचारलं नाही. अक्षराच्या नावाची सही रजिस्टरात रोज कुणी तरी करायला हवी होती, ती सिद्धलिंग करू लागला. पहिल्या दिवशी सवयीनं त्यानं आपलीच सही केली आणि त्याला पान बदलावं लागलं.

एका मंगळवारी दुपारी औषध निरीक्षक आले. तरुण, नवीन बदलून आलेले, बोलायला अदबशीर. अमरेश बाहेर गेला होता. अशा वेळी काय सांगायचं ते अमरेशनं आधीच पढवून ठेवलं होतं. नातं सांगायचं नाही, नातं कळलं की साहेब पोरीला फोन लावा म्हणतात, आणि ती हिमायतनगरात आहे हे निघालं की तिचा नंबरच रद्द होतो.

"फार्मासिस्ट कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"मॅडम आत्ताच जेवायला गेल्यात, साहेब."

साहेबांनी रजिस्टर चाळलं. सह्या बघितल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, "कशा आहेत कामाला? रोज येतात ना?"

आणि सिद्धलिंग बोलायला लागला. थांबेचना. "लई चांगल्या हायत साहेब. चिठ्ठी एकदा बगितली की बास. म्हाताऱ्या माणसाला तीनदा सांगतेत, वर त्याच्याकडून म्हणवून घेतेत. परवा एका बाईला दोन डॉक्टरांनी एकच गोळी दोन नावानं दिलती, मॅडमच्या ध्यानात आलं, न्हाईतर बाईचं काई खरं नव्हतं. समदी गल्ली त्यांनाच विचारतीय साहेब." ती दोन नावांची गोळी परवा सिद्धलिंगनंच धरली होती. पण सांगताना त्याला पांढरा कोट घातलेली अक्षरा तिथं उभी दिसत होती, आणि त्याचे डोळे भरून आले.

साहेबांनी मान वर करून त्याच्याकडं नीट बघितलं. मग भिंतीवरच्या कागदाकडं.

"तुमच्या कोण लागतात?"

ज्या प्रश्नासाठी माणूस छाती पुढं काढून जन्मभर वाट बघतो, तो असा आला.

"कोणी न्हाई, साहेब," सिद्धलिंग म्हणाला. "मॅडम हायत आमच्या."

साहेबांनी शेरा लिहिला, पुढच्या वेळी हजर ठेवा म्हणून सांगितलं आणि गेले. बहुधा त्यांना कळलं होतं. कळूनही ते काही बोलले नाहीत, याचे उपकार मानावेत की रागवावं हे सिद्धलिंगला ठरवता येईना.

अक्षराचा फोन दुपारच्या जेवणाची भांडी उरकली की यायचा. त्या दिवशीही आला. सिद्धलिंगनं तिच्यापासून लपवलं नाही. नांदेडनंतर तो तिच्यापासून काहीच लपवत नव्हता.

"बाई, साहेब आलते. तू कोण लागतीस म्हणून विचारले. मी... कोणी न्हाई म्हणलो."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"बरं केलाव, अप्पा," ती म्हणाली. "न्हाईतर नंबर गेला असता." आणि मग आवाज जरा सावरून, "ती दोन डॉक्टरांची चिठ्ठी काय होती ओ, तुमी परवा सांगायला लागलाव ती? गोळी कुठली होती?"

तो सांगू लागला. तेवढ्यात तिकडून कुणी तरी हाक मारली, पाहुणे आलेत, चहा टाक म्हणून. "हाव, आले," ती म्हणाली आणि मोबाइल कुठंतरी ठेवून गेली, बंद करायचा राहून गेला. पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला, मग लायटरचा. काउंटरपलीकडं दोन माणसं चिठ्ठ्या घेऊन उभी होती. सिद्धलिंगनं त्यांना हातानं थांबायची खूण केली आणि फोन कानाला लावून तो तिचा चहा होईपर्यंत ऐकत उभा राहिला.