किती नावं ते सांगा

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडून बसलो होतो. आठ दिवस झाले, माझी विहिरीवरची मोटर त्याच्या दुकानात उघडी पडली होती आणि हा रोज ‘उद्या’ म्हणत होता. फोनवर त्याचा मेहुणा होता, अवसरी बुद्रुकचा. ‘मोटर झाली का रे’ असं मी विचारणार, तेवढ्यात तो म्हणाला, “भाऊसाहेब, दाजी गेलं. सकाळी दुकानातच छातीत दुखाया लागलं. दवाखान्यापतुर पोचलं न्हाई.” मी पुढे काय बोललो ते आठवत नाही. पिंपळवंडीला पोचलो तर दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं आणि आत टेबलावर माझी मोटर. नवं वाइंडिंग भरून, दोऱ्यानं बांधून, वार्निश लावून वाळत ठेवलेली... त्याला आता महिना झाला. शोकसभेत तिघे बोलले, तिघांनीही ‘मनमिळाऊ’ हा शब्द वापरला. मिलिंद अजिबात मनमिळाऊ नव्हता. मोटरी भरणारा चांगला कारागीर होता हे खरं, पण त्यानं आयुष्यात जे सगळ्यात मोठं काम केलं त्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. म्हणून मी लिहितोय. गोड गोड लिहिलेलं त्याला आवडलंही नसतं.

मी आमच्या गावच्या पाणी वापर संस्थेचा सचिव. गाव निमगाव साव्याच्या अलीकडचं. कालव्याला आवर्तन सुटलं, म्हणजे ठरल्या दिवसांचं पाणी आलं, की आमच्या चारीवर, त्या कालव्याच्या फाट्यावर, कुणाची पाळी कधी, याची यादी मी करायचो. शंभरावर नावं. कुणाचं पीक निघालेलं असतं, कुणी शेजाऱ्याशी पाळी बदललेली असते, कुणी रान पोराच्या नावावर केलेलं असतं, म्हणून दर वेळी यादी नव्यानं लिहायची. आणि खरं सांगायचं तर दर वेळी नव्यानं लिहिताना काही नावं हळूहळू वर सरकायची. नियमाचं पुस्तक म्हणतं पाणी टेलपासून द्या, म्हणजे चारीच्या शेवटाकडून. आमची यादी चारीच्या वरच्या तोंडापासून सुरू व्हायची आणि कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं. टेलला अकरा खातेदार होते, बहुतेक बौद्ध वस्तीतले. मिलिंदचं रान त्यातच, खालून तिसरं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यानं जुन्नरच्या एका बंद पडलेल्या क्लासमधून जुना कॉम्प्युटर आणला. आयटीआय शिकलेला माणूस, इंग्रजी अडखळत वाचणारा. पण कुठून तरी झेरॉक्स केलेलं एक जाडजूड पुस्तक त्याच्या हाती लागलं होतं आणि त्यात त्याला त्याच्या मनासारखी एक गोष्ट सापडली. मजकूर बदलायचा असा एक प्रोग्राम असतो, म्हणाला, की त्यात आपण मजकूर उघडून त्यात हात घालत नाही. बदल आधी आज्ञा म्हणून वेगळे लिहून द्यायचे. मग मजकूर पाटाच्या पाण्यासारखा एकेक ओळ वाहत येतो, प्रोग्राम गेटावर उभा राहतो, आज्ञा लागू होईल तिथं बदल करतो आणि पुढं सोडतो. मूळ मजकूर जागच्या जागी. “भाऊसाहेब, मूळ यादीला हातच लावायचा न्हाई. ज्याला बदल पायजे त्यानं आज्ञा लिहून द्यायची. अन् ती आज्ञा यादीशेजारी भिताडाला लावायची. सगळ्यांना दिसू दे कुणी काय सांगितलं.” मी हसलो. मग विचार केला आणि हसायचं थांबलो.

तसा प्रोग्राम तयार मिळत होता. पण त्याच्या आज्ञा म्हणजे एकेक इंग्रजी अक्षर आणि नुसत्या खुणा. मिलिंदला त्या आपल्या शब्दांत हव्या होत्या, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या का होईना... पासून, पर्यंत, काढ, बदल. त्यासाठी आज्ञा वाचून, तिचे तुकडे पाडून, कुणापासून कुणापर्यंत, काय करायचं आणि त्याऐवजी काय, हे ओळखणारा भाग त्यालाच लिहावा लागणार होता. त्याला पार्सर म्हणतात. सगळा पावसाळा त्यापायी गेला. एका हातात तांब्याची तार, शेजारी दोनशे पानी वही. गिऱ्हाईक आलं की वही मिटायचा आणि तोंड वाकडं करायचा. वीज गेली की कागदावर एकेक अक्षर बोटानं दाबत स्वतःच प्रोग्राम असल्यासारखा वाचत बसायचा. “हितं मी काय समजतो? हितपर्यंत नाव. हितं आज्ञा. आन् हितं मी गंडतो.” भर रस्त्यावरच्या दुकानात माणूस स्वतःलाच गंडतो म्हणून सांगतोय, हे बघून लोक मला विचारायचे की याचं बरं आहे ना.

पहिला गोंधळ गट नंबरांनी घातला. पुस्तकात सांगितल्याप्रमाणं जुनं काय आणि नवं काय यांच्या मध्ये त्यानं तिरकी रेघ धरली होती. आमच्याकडं निम्म्या जमिनी वाटण्या होऊन ११२/२, ११२/३ अशा, आणि त्या लिहायच्या तिरकी रेघ मारूनच. प्रोग्रामला गटाची रेघ आणि आज्ञेची रेघ यात फरक कळेना. मंचरच्या बाजूला एका कॉलेजात त्याच्या ओळखीचे एक प्राध्यापक होते, त्यांनी उपाय सांगितला की गटाच्या रेघेआधी एक उलटी रेघ टाकायची. मिलिंद तिथून तणतणत आला. “शेतकऱ्याला सांगू का, तुझ्या रानाच्या आधी उलटी काठी लाव म्हनून? आमच्या यादीत तिरकी रेघ जमिनीची हाय. आज्ञेनं दुसरी शोधावी.” आणि त्यानं पार्सर बदलला. आज्ञेतली खूण दुसरी झाली, गट होते तसे राहिले. तेव्हा मला ते नुसतं आडमुठेपण वाटलं होतं.

अध्यक्ष तात्यांना हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. “वही बरी,” ते म्हणायचे, “वहीत माणूस असतो.” मिलिंद म्हणायचा, “म्हनूनच नको.” पण कॉम्प्युटर आला की गाव पुढारलं असं पेपरात येईल, या आशेनं त्यांनी होकार दिला. दोन आवर्तनं छान गेली. यादी छापून यायची, मी ती खडूनं फळ्यावर मराठीत उतरवायचो, आज्ञांचा कागद शेजारी. तिसऱ्या आवर्तनाला मी चूक केली. मी म्हणतोय, कारण आज्ञा मी लिहिल्या होत्या. पहिली आज्ञा, धोंडिबानं रान पोराच्या नावावर केलंय, नाव बदल. दुसरी, टेलच्या लगेच वर सखारामपासून धोंडिबापर्यंत सात जणांचे कांदे निघालेत, पाणी नको, नावं काढ. प्रोग्रामनं पहिली आज्ञा मानली आणि धोंडिबाच्या जागी पोराचं नाव घातलं. मग दुसरी आज्ञा सखारामपासून नावं काढत निघाली, धोंडिबा आला की थांबायचं म्हणून. धोंडिबा आता यादीत नव्हताच. ती थेट यादीच्या शेवटापर्यंत गेली. टेलची अकराही नावं गेली.

मी तो कागद फळ्यावर उतरवला. माझ्या लक्षात आलं नाही. यादी आखूड झालीय हे दिसत होतं, पण कांदेवाले कमी झालेत असं मनाशी म्हटलं. वरच्या अंगाची अकरा नावं गायब असती तर पहिल्या ओळीलाच माझा हात थांबला असता, हे मला तेव्हाही कळलं होतं आणि आजही कळतं... गेट सांभाळणाऱ्या पाटकऱ्यानं फळा पाहिला, शेवटचं नाव झालं तसं गेट पाडलं, आणि वस्तीत कळेपर्यंत कालवाच बंद झाला. टेलला गहू दाणे भरायच्या अवस्थेत उभा होता आणि पुढचं आवर्तन तीन आठवड्यांनी. मिलिंदच्या प्रोग्रामनं मिलिंदचंच पाणी तोडलं होतं, आणि टेलच्या बाकी दहा घरांचं. वस्तीतली म्हातारी माणसं त्याच्या दारात जाऊन बसली. ओरडली नाहीत. एक म्हातारी फक्त म्हणाली, “आजपतुर दुसरी मान्सं आमची नावं पुसायची बाबा. आता तू बी.”

सभा भरली. तात्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला, यंत्र बंद, वही सुरू. मी मान खाली घालून बसलो होतो, कारण आज्ञा माझ्या अक्षरात भिंतीवर होती आणि मिलिंदनं तिकडं एकदा बोट दाखवलं असतं तर माझी सचिवकी तिथंच संपली असती. तो उभा राहिला. “चूक माझ्या प्रोग्रामची हाय,” म्हणाला. “गहू माझा बी गेला. पन वहीत नाव जातं तवा कुणी घालवलं ते कळतच न्हाई. हितं चूक भिताडावर हाय. सगळ्यांनी वाचली. येक आवर्तन द्या, दुरुस्त करतो. न्हाई जमलं तर कॉम्प्युटर मीच पाटात टाकीन.” टेलची माणसं मागच्या रांगेत होती. पाणी गेलेली ती, आणि हात वर केले पहिले तेही त्यांनीच. मग इतरांना वर करावे लागले.

मी त्याच्याबरोबर त्या प्राध्यापकांकडे गेलो. सज्जन माणूस, त्यांनी चहा दिला आणि शांतपणे समजावलं की यात चूक काहीच नाही. जगभर हा प्रोग्राम असाच चालतो. शेवट सापडला नाही तर आज्ञा मजकुराच्या टोकापर्यंत लागू होते, असाच संकेत आहे. मिलिंदनं चहाचा कप खाली ठेवला. “सर, ज्यानं हा संकेत ठरवला त्याचं रान टेलला नसंल.” सरांनी आपला कपही खाली ठेवला. मग म्हणाले, “नसेल.”

परत आल्यावर त्यानं पार्सरचा तो भाग फाडून नव्यानं लिहिला. आता प्रत्येक आज्ञेच्या शेवटी आकडा द्यायचा, किती नावांना हात लागणार तो. आकडा नसला तर पार्सर आज्ञा घेणारच नाही, फक्त विचारेल, ‘किती?’ आकडा दिला तर प्रोग्राम यादी आधी एकदा नुसती मोजत नेणार, आणि मोजणी जुळली तरच दुसऱ्या फेरीला बदल करणार. एका नावाचा जरी फरक पडला तरी यादी आहे तशी बाहेर. त्या जातीच्या कुठल्याच प्रोग्रामला अशी सक्ती नव्हती, आणि प्राध्यापकांनी तसं कळवलंही. मिलिंदनं उत्तर पाठवलं नाही.

त्या सक्तीची गंमत पुढच्याच आवर्तनाला कळली. तात्या ऑफिसात आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, “आपल्या पुतण्याचं जरा वर घे. चार-दोन नावं इकडं तिकडं व्हत्यात, काय बिघडत न्हाई.” मी आज्ञा टाइप केली. पडद्यावर उमटलं, ‘किती?’ मी म्हटलं, “तात्या, चार का दोन? ते विचारतंय. आणि कागद बाहेर लावावा लागेल.” तात्यांनी पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ते उठून गेले. संध्याकाळी दुकानात जाऊन मिलिंदला सांगितलं तर तो मोटरीतून डोकं वर न काढता म्हणाला, “मंजी तुमी बी सुधारला म्हनायचं.” एवढीच शाबासकी त्यानं मला आयुष्यात दिली. पुढं मशीन दोनदा बदललं, तात्या गेले, नवे अध्यक्ष आले. प्रोग्राम तोच राहिला आणि एकदाही कुणाची पाळी बुडाली नाही.

परवा सुमन ऑफिसात आली. मिलिंदची बायको. मृत्यूचा दाखला, सातबारा, सगळं पिशवीत नीट लावून. नवे अध्यक्ष समोर बसलेले. ते चांगुलपणानंच म्हणाले, “वहिनी, पोरगं पुण्याला. रान कोन बघनार? ह्या वक्ताला नाव काढू, पुढं लागलं तर घालू.” सुमन बसलीसुद्धा नव्हती. “काढायचं न्हाई,” ती म्हणाली. “बदलायचं. माजं लावा. रान मीच बघत व्हते. त्यांना मोटरीतनं सवड कवा व्हती?” अध्यक्ष म्हणाले, तरुण पोरं नवं सॉफ्टवेअर आणतायत, ते आलं की बघू. मी म्हटलं, नवं येईल तेव्हा येईल, आज हे चालू आहे. एरवी मी असं बोलत नाही.

मी आज्ञा लिहायला घेतली. बदल, मिलिंद, त्याऐवजी सुमन... डोळ्यांपुढं नीट दिसत नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आकडा टाकायचा राहिला. पडद्यावर त्यानं लिहिलेला शब्द आला. ‘किती?’

सुमन टेबलाच्या या बाजूला आली, तिनं पडदा वाचला. तिला तो प्रोग्राम माझ्याइतकाच ठाऊक आहे; पावसाळाभर ती वही रोज रात्री तिच्याच घरात उघडी असायची. “येक लिवा भाऊसाहेब,” ती म्हणाली. “येकच व्हता.”

मी एक लिहिला. यादी एकदा मोजत गेली, दुसऱ्यांदा बदलत गेली आणि छापून बाहेर आली. आज्ञेचा कागद मी भिंतीला लावला. मग खडू घेऊन फळ्याशी गेलो. त्या चुकीच्या वर्षापासून मी फळा खालून लिहायला घेतो, आधी टेलची अकरा, मग बाकीची. पहिलं नाव लिहिलं, दुसरं लिहिलं. तिसरं लिहिलं, सुमन मिलिंद. सुमन मागं उभी राहून मोजत होती. अकरा झाल्यावर ती घरी गेली.