सावंतकाकांचा वेग

गेल्या रविवारी सकाळी कोपरीला सावंतकाकांच्या घरी गेले. सहा वर्षांची ओळख, पण घरी पहिल्यांदाच… आणि जाण्याचं कारण चांगलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फोनवरचा मजकूर मराठीत मोठ्याने वाचून दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर आम्ही काही जण फावल्या वेळात सांभाळतो. कोड खुला, फोरमही खुला… कुणीही यावं, चूक दाखवावी, दुरुस्ती पाठवावी. मी कॉलेजात मराठी शिकवते, कोडमधलं मला काही कळत नाही. मी उच्चार तपासते आणि फोरमची मॉडरेटर आहे.

सावंतकाकांना दिसत नाही. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त आहेत. आमच्यात हे सॉफ्टवेअर गरज म्हणून वापरणारे ते एकटेच… बाकी आम्ही सगळे डोळस.

आणि ते फार टोचून लिहायचे. कल्याणच्या केतकी नावाच्या विद्यार्थिनीने आपली पहिली दुरुस्ती पाठवली, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, "कान काय फक्त इअरफोन अडकवायला दिलेत का? डोळे मिटून तासभर ऐक, मग पाठव."

केतकीने मला खाजगीत एकच ओळ लिहिली… मॅम, मला इथे भीती वाटते. ती गेली. तिच्याआधी आणखी दोघं गेले होते.

मग मी नियम लिहिले. काकांना दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा तीन महिन्यांसाठी त्यांचं फोरमवर लिहिणं बंद केलं आणि तसं पत्र पाठवलं. त्या पत्रासाठी एक आख्खी संध्याकाळ घातली होती… कुठेही कठोर शब्द येऊ नये म्हणून.

त्यानंतर फोरमवर शांतता झाली. लोक एकमेकांच्या लिहिण्याखाली पसंतीचे अंगठे देऊ लागले. त्याच काळात नवी आवृत्ती निघाली आणि तक्रार एकही आली नाही… मला वाटलं, हेच हवं होतं.

तीन महिने संपले. काका परतले नाहीत. आणखी महिनाभर वाट पाहिली आणि गेले.

दार काकूंनी उघडलं. "यांना गप्प बसवलंत त्या मॅडम तुम्हीच ना? या, या. पस्तीस वर्षांत मला नाही जमलं." आतून काका मोठ्याने हसले… मला हसता आलं नाही.

चहा झाला. परत या, असं मी म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला, "तुमचं पत्र ठेवलंय," म्हणाले आणि लावलं.

एक अखंड घरघर… वीसेक सेकंदांत पत्र संपलं. एक शब्द कळला नाही मला.

"हा माझा वेग," ते म्हणाले. "थांबा, तुमच्यासाठी हळू करतो."

मग मी माझं पत्र ऐकलं. "आपल्या योगदानाबद्दल पूर्ण आदर राखून…" प्रत्येक वाक्य संपलं की आवाज जरासा थांबत होता, माणूस श्वास घेतो तसा. तो थांबा काकांनी बसवून घेतला होता. दोन महिने ते त्याच्या मागे लागले होते आणि आम्ही सगळे वैतागलो होतो… आता त्या थांब्यामुळे माझं एकेक वाक्य नीट ऐकू येत होतं.

"माझ्या फोनवर मी जुनीच आवृत्ती ठेवलीय. आता ही तुमची नवी ऐका." त्यांनी काकूंचा फोन मागून घेतला आणि वेग वाढवला. आवाज फुटला. डब्यात खडे हलवावेत तसा… शब्द उरलेच नाहीत.

नवी आवृत्ती आम्ही तपासली होती. सगळ्यांनी, मन लावून… आमच्या वेगात.

"वांगणीहून माझ्यासारख्याच तिघांचे फोन आले," काका म्हणाले. "त्यांचं आपोआप अपडेट झालं. एकाने तर नाद सोडला, बायकोकडून वाचून घेतो आता."

"मग सांगितलं का नाहीत, काका?"

"कुठे सांगू?"

माझा नंबर त्यांच्याकडे होता. पण ते मी बोलले नाही.

निघताना चपला घालत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "ती कल्याणची मुलगी आली का परत?"

"नाही."

"म्हणजे ती पण गेली, मी पण गेलो." मग म्हणाले, "तिला जास्तच बोललो मी. पण मॅडम, दुरुस्ती चुकलेलीच होती हो तिची."

दोन्ही खरं होतं.

डोंबिवलीला परत आल्यावर ती चूक मी काकांच्या नावाने नोंदवली. चार दिवसांत दुरुस्त झाली, खाली कुणीतरी अंगठा दिला. केतकीलाही लिहिलं… उत्तर नाही. नियम पुन्हा वाचले. केतकीसारख्यांसाठी ते हवेतच, एकही काढावासा वाटला नाही. आणि काका त्यांत मावत नाहीत.

त्यांचं लिहिणं कधीच सुरू करून ठेवलंय. अजून ते आलेले नाहीत.

सहा वर्षांत त्यांच्या वेगात मी एकदाही ऐकून पाहिलं नव्हतं. आता रोज सकाळी पोळ्या करताना एक पान तसं लावते. शब्द अजूनही लागत नाहीत… आवाज फुटला तर तेवढं कळेल.