अक्कांनी बघितलेला व्हायोलिनवाला

हयातीच्या दाखल्यासाठी लोहाऱ्याच्या बँकेत रांगेत उभी होते, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काकू, आत्या गेली." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणूस काहीतरीच बोलतं. पुढं तीनच जण उरले होते, म्हणून सहीही करून घेतली. मी जिवंत असल्याचं लिहून दिलं आणि मग स्टँड गाठला. त्याची लाज नंतर वाटली. त्या दिवशी नुसता थकवा होता. गेल्या चार वर्षांत इतक्या माणसांना पोचवून आलेय की रडू आता उशिरा येतं... अक्कांसाठी ते तब्बल पाच आठवड्यांनी आलं, आणि ते का आलं तेच सांगायला बसले आहे.

गिरिजाक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. मी लग्न होऊन अणदूरला आले तेव्हा त्या कपाळ पांढरं घेऊन माहेरीच राहत होत्या. नणंद कडक आहे, जपून राहा, असं मला आधीच बजावून ठेवलं होतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी घरच्या दुकानाच्या माडीवरून कसला तरी सूर ऐकू आला म्हणून वर गेले, तर या बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या, हनुवटीखाली व्हायोलिन, आणि डाव्या हातात तारांवर फिरवायचा गज. आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात, एवढं मला भजनी मंडळात पाहून ठाऊक होतं. उजव्या हातानं वाजवतात हेही ठाऊक होतं. मला पाहून त्या दचकल्या आणि म्हणाल्या, "खाली सांगू नगंस. हसत्यात सगळी."

हे वेड लहानपणचं. त्या दहा-अकरा वर्षांच्या असताना गावात सरकारी प्रचाराची गाडी आली. मैदानात पांढरा पडदा लावून आधी रोगराईची फिल्म दाखवायचे आणि लोक उठून जाऊ नयेत म्हणून मग परदेशातल्या गाण्याबजावण्याची. एक गोरा उभा राहून व्हायोलिन वाजवायचा आणि पाठोपाठ एक धिप्पाड बाई ऑपेरा गायची. गाडी बिघडली, तीन दिवस गावातच राहिली, आणि अक्कांनी ती फिल्म तीनदा बघितली. पुढं सोलापुरात एक नाटक कंपनी मोडली, तिचं व्हायोलिन वडिलांनी हौसेनं आणलं आणि मग ते कुणालाच वाजवता येईना. अक्कांनी डोळे मिटून तो गोरा आठवला, त्याच्यासारखे हात धरले आणि सुरुवात केली. शिकवणारं कुणी नव्हतंच.

सोळाव्या वर्षी वडील त्यांना सोलापूरच्या एका गुरुजींकडे घेऊन गेले. गुरुजी आधी हसले, मग त्यांनी विचारलं, हे कुठं शिकलीस? "सिनेमात बगितलं." गुरुजी म्हणाले, "असं कुणी वाजवत नाही, बाळ. तुझ्या बघण्यात चूक झाली." हात बदलायला आठ दिवस दिले. हात बदलला की सूर सापडेना, म्हणून नवव्या दिवशी बापलेक परत आले. शिकणं राहिलं याचं अक्कांना फारसं वाईट वाटलं नाही. बघण्यात चूक झाली, हे मात्र त्या विसरल्या नाहीत. बाजारात कुणाच्या अंगावर एकदा पाहिलेला ब्लाउज घरी येऊन बिनमापाचा बेतणारी ही बाई. तिच्या डोळ्यांवरच कुणी बोट ठेवलं होतं.

घर रिकामं असलं की त्या वाजवायच्या. शिवभक्तीच्या कानडी वचनांच्या चाली, कधी आरती, कधी नुसतंच लांबवर सूर ओढत राहणं. माझी बदली लोहाऱ्याच्या शाळेत झाली तरी सुट्टीत मी अणदूरलाच असायचे. एका सुट्टीत माझ्या मुलानं लॅपटॉपवर त्यांना ऑपेरे लावून दिले. अक्का खूश! "मरायला लागलीय आन् गातीया बग. एवढा दम कुठनं आणती गं, सुमन? आपल्याला जिना चढवंना." आम्ही पोट धरधरून हसलो होतो. मग त्या हळूच मुलाला म्हणाल्या, "बाळा, डाव्या हातात गज धरणारा एक तरी दाव."

त्यानं दोन दिवस शोधलं. वादकांच्या रांगाच्या रांगा दिसायच्या, साऱ्यांचे गज उजव्या हातात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "गुरुजी खरंच बोलले म्हणायचं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर व्हायोलिन पेटीत गेलं आणि पेटी कपाटावर. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण पेपर तपासायचे राहिले होते, यांचं दुखणं नुकतं सुरू झालं होतं... "जाऊ द्या हो अक्का, कुणी कसं का वाजवेना," असं म्हणून मी मोकळी झाले. त्या ज्वारी निवडायला बसल्या.

गेल्या दिवाळीत मीच हट्ट धरला. म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांच्या फिल्मा पाहिल्यात, आता तुमची एक काढू. नको नको म्हणत त्यांनी इरकल नेसली. दोन तारा तुटलेल्या होत्या, उरलेल्या दोनांवर त्यांनी एक वचन वाजवलं, मध्येच धाप लागली म्हणून थांबल्या, पुन्हा धरलं. मी मोबाइल खाली घेणार तेवढ्यात म्हणाल्या, "बगणाऱ्याला सांग, हे चुकीचं हाय म्हणून. न्हाय तर लोक म्हणतील, हिला ठावंच न्हवतं." मी मान हलवली. तीच आमची शेवटची भेट.

परवा त्यांच्या नावानं घरी प्रसादाचं जेवण होतं. जेवणं उरकल्यावर पुतण्यानं ती फिल्म टीव्हीवर लावली. गावातल्या बायाबापड्या बसल्या होत्या. पोरं खुसखुसली. शब्द दिला होता, म्हणून मी उठून सांगितलं, की हे वाजवणं उलटं आहे, लहानपणी बघण्यात चूक झाली होती, आणि अक्कांना ते ठाऊक होतं.

"चूक कसली?" भिंतीला टेकून बसलेल्या चन्नम्मा बोलल्या. अक्कांपेक्षा दोनेक वर्षांनी मोठ्या आहेत. "त्यो गोरा आसाच वाजवायचा की. म्या पन बगितलंय."

"अहो मावशी, पण सगळे उजव्या हातानं..."

"बाप्यांना उजवा दिसला आसंल. बाप्ये बसायचे गाडीच्या अंगाला, आन् आमी बाया पडद्याच्या मागं. तितनं समदं उलटं दिसायचं. माजा भाऊ चिडवायचा की त्यावरनं. गिरजी माज्या मांडीला मांडी लावून बसली हुती."

पातळ कापडाचा पडदा, चित्र दोन्हीकडून दिसतं, मागून बघणाऱ्याला उजव्याचं डावं होतं... तीस वर्षं मी पोरांना आरशातलं डावं-उजवं शिकवलं आणि हे कधी माझ्या डोक्यात आलं नाही. अक्कांनी बरोबर बघितलं होतं. त्यांना जिथं बसवलं होतं तिथून जे दिसत होतं, ते त्यांनी तंतोतंत बघितलं होतं. तेव्हा मला रडू आलं, सगळ्यांसमोर, आणि ते लवकर थांबेना.

चन्नम्मांचं घर आमच्या घरापासून चौथं. अक्का रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. या गोष्टीबद्दल मात्र त्यांनी कधी विचारलं नाही, लाजेपायी. आणि मी... मला वाटलं, त्यात विचारण्यासारखं काय आहे.