एका ताटातली मासोळी
कुणी वाचलंच तर माझ्या अक्षराला आणि चुकांना हसू नका, मी चौथीपर्यंतच शिकले. आज शेजारी अंबाडी घालून मासोळी शिजतेय आणि त्या वासाने लेकीचे भरतीचे दिवस आठवले. पोलीस भरतीत पळायचं म्हणून ती वजन उतरवत होती, खाल्लेलं सारं मोबाइलच्या ॲपमध्ये लिहीत होती. ती लहान असल्यापासून आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो, म्हणून ती भात, मासोळी सगळं अर्धं अर्धं लिहायची. वजन मात्र हलेना. "अर्धंच तर खाऊन राह्यली मी, मंग काऊन नाई उतरत?" म्हणत ती रडकुंडीला यायची. एकदा जेवताना तिने माझं बोट पकडलं. मासोळीच्या पोटाचा मऊ तुकडा मी तिच्या बाजूला सरकवत होते. "माय, तुझं हे बोट मोबाइलले कसं समजन व?" मी लाजून म्हटलं, "पळणाऱ्या पोरीले ताकद लागत नाई का?" ती हसली आणि तिने ताटच अर्धं फिरवलं. सगळे चांगले तुकडे माझ्यासमोर आले. "आता तू खाय." मी मान खाली घालून खाल्ले. पोटाचा तुकडा कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडात गेला होता. आता ती नोकरीवर मुलचेऱ्याला असते. मी एकटीपुरतं रांधते, तो तुकडा आधी खाते, आणि खाताना कुणी बघत तर नाही ना, म्हणून दाराकडे पाहते.