गाडीमास्तरांचं बरोबर वाक्य

आमचे गाडीमास्तर उद्याबद्दल कधी ठाम बोलत नसत. "उद्या शाळेत येणार ना, मास्तर?" असं विचारलं की म्हणायचे, "येईन, आईच्या मनात असलं तर." आई म्हणजे तुळजापूरची भवानी. आमच्या भागात उद्याचं काही बोलायचं तर तिची मर्जी आधी जोडायची रीतच आहे; कुणी विसरलं तर घरातलं म्हातारं माणूस लगेच टोकतं. मास्तरांनी ती रीत इंग्रजी व्याकरणात नेऊन बसवली होती.

राज्य निजामाचं. गावाला कागदावर उस्मानाबाद म्हणायचं आणि तोंडानं धाराशिव. शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळं मास्तरांनी इंग्रजी उर्दूतून शिकवायचं आणि आम्ही ते मराठीतून समजून घ्यायचं. सोलापूरला जायला आधी हैदराबाद गाठावं, तसला प्रकार. त्यात इंग्रजांचा उद्या दोन तऱ्हेचा. उद्या गाडी सुटणार असली तर साधा वर्तमानकाळ, 'लीव्ह्ज'. उद्या आपण जाणार असलो तर भविष्यकाळ, 'विल गो'. उद्या एकच, मग हा दुजाभाव का, हे पुस्तकात सांगितलेलं होतं. पण ते पुस्तक लिहिणाऱ्यालाच कळत असावं.

मास्तरांनी त्यावर येडशीच्या स्टेशनातली गाडी आणली. "गाडीचं टाइमटेबल भिंतीवर छापलेलं असतं. सूर्याचं पंचांगात छापलेलं असतं. छापलेलं ते वर्तमानकाळात बोलावं. तुझं-माझं उद्याचं कुठं छापलंय का बाबा? न्हाय ना? मग विल म्हण, आणि आईचं नाव घे." त्यांचं प्रत्येक उदाहरण येडशीहून सुटायचं, म्हणून नाव पडलं गाडीमास्तर. आम्ही प्रत्येक विलमागं 'इफ भवानी विशेस' लावायचो. आमच्या वर्गातला करीम 'इफ अल्ला विशेस' म्हणायचा. मास्तर म्हणायचे, "चालतंय. वाक्य बरोबर हाय."

व्याकरण घरी मात्र चालत नसे. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, भाजी आणायला सांगायच्या आणि मास्तर "आणीन, आईच्या मनात असलं तर" म्हणत ओट्यावर बसून राहायचे. मग आतून आवाज यायचा, "आईच्या मनात रोजच असतंय, तुमच्या न्हाय!" आमची त्या ओट्यावर शिकवणी चाले, त्यामुळं हा धडाही आम्हाला पाठ होता.

नोकरीत ते हंगामी. केस पिकले, चष्मा लागला, त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण त्यांच्याच शाळेत मास्तर होऊन मुस्तकिल, म्हणजे कायम झाला. हे आपले हंगामीच. मुस्तकिल झाल्याशिवाय वजीफा, म्हणजे पेन्शन, नाही, आणि वजीफा नाही तर म्हातारपणी खायचं काय, याची काकूंना रात्रंदिवस काळजी. मास्तरांनाही होतीच. ते बोलून दाखवत नसत एवढंच.

अखेर खात्याच्या मोठ्या साहेबांनी मुआयना, म्हणजे वर्गाची तपासणी, करून शिकवणं पसंत केलं की मुस्तकिल करायचं, असं ठरलं. दिवस नेमके वाईट होते. इंग्रज देशातून गेले होते, पलीकडं बार्शी-सोलापुरात झेंडा बदलला होता आणि आमच्याकडं हुजूरांची, म्हणजे निजामाची, हुकूमत कायम राहणार असं रोज बजावलं जात होतं. जे रोज बजावावं लागतं त्याबद्दल लोक काय समजायचं ते समजतातच.

साहेब आले. हेडमास्तर त्यांच्या मागं घाम पुसत उभे. साहेबांनी करीमला विचारलं, उद्या काय करणार? तो म्हणाला, "आय विल गो टू येडशी, इफ अल्ला विशेस." साहेब खूश झाले. मग त्यांचं लक्ष दिगंबरकडं गेलं. दिगंबर तुळजापूरच्या पुजाऱ्याचा मुलगा, आमच्यात सगळ्यात भित्रा. साहेबांनी विचारलं, पुढच्या साली इथं कुणाची हुकूमत असेल, इंग्रजीत सांग.

दिगंबरनं डोळे मिटले आणि शिकवल्याबरहुकूम घडाघडा म्हटलं, "अवर गव्हर्नमेंट विल रिमेन, इफ भवानी विशेस."

हुजूरांची हुकूमत राहील, पण आमच्या देवीची मर्जी असेल तर! बिचाऱ्यानं उलट सरकारसाठी देवीकडं रदबदलीच केली होती.

"हुकूमत में इफ कैसा?" साहेब कडाडले. "सूरज निकलता है, उसमें इफ है? मास्टर, ये जुमला ग़लत है ना?"

हेडमास्तर मागून जोरजोरात मान हलवत होते, वाक्य ग़लत म्हणा, ग़लत म्हणा. एक शब्द, की मास्तर मुस्तकिल. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला.

"साब, सूरज का छपा हुआ है," ते म्हणाले. "हुकूमत का मैंने कहीं छपा हुआ नहीं देखा. इफ मैंने सिखाया. लड़के का जुमला सही है."

दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असा हुकूम संध्याकाळीच आला. दिगंबरला कुणी काही केलं नाही. सगळा राग मास्तरांवर निघाला होता. काकूंनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच बाजारात गेल्या.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि गावाला एकाएकी देशभक्तांची गरज लागली. नवे साहेब हार घेऊन मास्तरांच्या ओट्यावर आले. जुलमी राजवटीला आव्हान देण्यासाठीच ते वाक्य मुद्दाम शिकवलं, एवढं लिहून द्या, लगेच कायम करतो, म्हणाले. मास्तर गडबडले. "न्हाय हो साहेब, मुद्दाम कसलं? पोरगं सवयीनं बोललं. मी व्याकरणापुरतं बोललो. देशाचं आमच्या डोक्यातसुद्धा नव्हतं." साहेबांनी हार परत नेला. मास्तरांना नोकरीवर घेतलं, पण हंगामी. या बाबतीत दोन्ही सरकारांचं एकमत झालं.

दिगंबर वकील झाला तेव्हा पेढे घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. मास्तर बाजेवर होते, पार थकलेले. काकू दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्या वयातही दुसऱ्यांची निवडणं-टिपणं करून घर चालवायच्या. ते बघून दिगंबरला राहवलं नाही.

"मास्तर, त्या दिवशी नुसतं चूक म्हणायचं होतं. माझं काय, चार छड्या खाल्ल्या असत्या. तुमचं म्हातारपण सुखात गेलं असतं."

मास्तर बाजेवर कोपर टेकून अर्धवट उठले.

"लई भित्रा होतास रे तू," ते म्हणाले. "वर्षभरात पहिल्यांदा उभा राहून आख्खं वाक्य बोललास, आन् तेबी बरोबर. त्याला मी चूक म्हणलो असतो, तर तू परत कधी तोंड उघडलं असतंस का?"

कोर्टात समोरच्याला बोलू न देणारा दिगंबर खाली बसला आणि मास्तरांच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागला. काकूंनी सूप बाजूला ठेवलं, पदरानं डोळे टिपले आणि त्यानं आणलेला पेढा मोडून अर्धा त्याच्याच हातावर ठेवला.