कोण म्हणालात?

काकूंनी आयुष्यात कुणाला पहिल्या हाकेला दार उघडलं नाही. बेल वाजली की त्या आतून विचारायच्या, "कोण?" बाहेरच्यानं नाव सांगितलं की जरा थांबायच्या आणि पुन्हा विचारायच्या, "कोण म्हणालात?" ऐकायला कमी येत होतं असं मुळीच नाही. शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे त्या इथे बसून सांगायच्या. "खोटं बोलणारा दुसऱ्यांदा तेवढंच उत्तर देत नाही. पदरचं काहीतरी जोडतो," असं त्यांचं म्हणणं. दूधवाला असो, गॅसवाला असो, नियम एकच. संस्थेचे अध्यक्ष तर बेलही वाजवायचे नाहीत, जिन्यातूनच दोनदा नाव सांगत वर यायचे.

आमची संस्था म्हणजे पंचवटीतल्या एका बोळातलं दुमजली घर. नवऱ्याच्या मारझोडीतून निघून आलेल्या बायका तिथे राहायच्या, शिवण शिकायच्या, हळूहळू सावरायच्या. दारावर पाटी नव्हती आणि पत्ता कुणाला द्यायचा नाही, हा पहिला कायदा. काकू तिथल्या सांभाळणाऱ्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मला घेतलं ते संस्थेचं सोशल मीडिया उभं करायला. लोकांना संस्था ठाऊकच नाही, मग मदत कोण करणार, आणि मदत नाही आली तर घर चालणार कसं, हा अध्यक्षांचा प्रश्न रास्तच होता. मी पुण्यातली जाहिरात कंपनीची नोकरी सोडून आलेली, त्यामुळे डोक्यात बरीच हवा होती. पहिल्याच बैठकीत मी रंगीत स्लाइड्स दाखवल्या. ओळख, विश्वास, सहभाग वगैरे. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे घर लपवायचं आणि गावभर दवंडी पिटायची?"

"घर नाही दाखवायचं काकू, काम दाखवायचं."

"आणि बघणार कोण?"

"सगळे."

"त्या सगळ्यांतलाच एक मला नकोय," त्या म्हणाल्या आणि चहाचे कप उचलून निघून गेल्या. मला इतका राग आला की उरलेल्या स्लाइड्स मी भराभर पुढे ढकलल्या.

काकूंची सगळी नोकरी बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत गेलेली. "चौकशी करणारा नुसती चौकशी कधीच करत नाही," हे त्या पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, कुठेही म्हणायच्या. एकदा मी वैतागून विचारलं, की काकू, हा एवढा संशय आणलात कुठून? त्यांनी लाटणं थांबवलं. एक माणूस खिडकीशी आला होता म्हणाल्या, गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट. बायको रुसून गेलीय, कडेवर पोर आहे, कुठल्या गाडीत बसली पाहिलंत का? "मी सांगितलं, पेठच्या. मला वाटलं, घरी नेईल समजूत काढून." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्याकडे बघून मलाही विचारवेना.

तर अशा बाईच्या हाताखालून माझी प्रत्येक पोस्ट जायची. फोटो मोठा करून त्या कोपरा न् कोपरा तपासायच्या. खिडकीतून मंदिराचा कळस दिसतोय, काढ. मागच्या दुकानाची पाटी अर्धी वाचता येते, काढ. शिवणयंत्रांचा छान व्हिडिओ केला, तर डोळे मिटून ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "रिक्षावाला ओरडतोय बघ. कुठली सीट भरतोय ते सांग." माझ्या मते हा शुद्ध छळ होता आणि मी तसं तोंडावर बोललेही. त्यावर त्या म्हणाल्या, "बोल की. बोलणाऱ्या माणसाची भीती नसते." आणि मला वाटीभर शिरा दिला.

छळ इथे संपला असता तर बरं. थोड्याच दिवसांत 'विंचूरचा वाघ' नावाच्या खात्यावरून मेसेज यायला लागले. वर ट्रॅक्टरचा फोटो. ताई, फार छान काम. ताई, शिलाई मशीन द्यायची इच्छा आहे. ताई, मशीन टेम्पोत चढवलीय, पत्ता तेवढा पाठवा. आमच्याकडच्या बायकांतली सुनंदा विंचूरकडची. आमच्याकडे येऊन तिला फार दिवस झाले नव्हते, आणि तिचा नवरा तिला शोधत फिरतोय हे आम्हाला ठाऊक होतं. पत्ता देता येत नाही, असं लिहून मी वाघाला ब्लॉक केलं आणि धावत स्वयंपाकघरात काकूंना सांगायला गेले. काकू ओट्याशी उभ्या राहून फोन बघत होत्या.

"ब्लॉक केलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या, "पण आधी 'धन्यवाद दादा, धन्यवाद दादा' कशाला? एवढा गोडवा?"

मी त्यांच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. ट्रॅक्टर.

"आता मला मोकळं कर बाई. दुसरं खातं उघडायचा मला कंटाळा येतो."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही.

मग संक्रांत आली. आमच्या घरात हळदीकुंकू सगळ्यांना, कुणी कुणाला नवऱ्याची चौकशी करायची नाही. मी ठरवलं, आता असा रील करायचा की काकूंना बोट ठेवायला जागा सापडणार नाही. चेहरे नाहीत, भिंती नाहीत, खिडकी बंद. फक्त हात. तिळगूळ देणारे, कुंकू लावणारे, बांगड्या भरलेले हात. बायका रंगात आल्या आणि एकमेकींना म्हणायला लागल्या, घ्या ना नाव. सुनंदानं लाजत उखाणा घेतला. रील इतका सुंदर झाला की अध्यक्षांचे डोळे भरून आले. आत्ताच्या आत्ता टाका, म्हणाले.

काकूंनी नेहमीसारखे डोळे मिटून ऐकलं. फोनमधून सुनंदाचा आवाज आला, "तीळ भाजले खमंग, गूळ घेतला चिरून, भाऊसाहेबांचं नाव घेते मागं फिरून."

"नाव घेतलंय तिनं," काकू म्हणाल्या.

"उखाण्यात नाव घेतातच काकू."

"तेच म्हणते मी."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळं झाकलं होतं आणि ज्याच्यापासून झाकायचं, त्याचंच नाव तिच्याच आवाजात नीट रेकॉर्ड केलं होतं. सुनंदाला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. "त्वांडात बसलंय वो ते. नाव घे म्हनलं का त्याचंच येतं. मारलं तरी येतं."

काकू तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, त्या सहसा खाली बसत नसत. "परत घे," म्हणाल्या, "पण तुझं नाव घे."

"माझं? आपलं आपुन कसं घ्यायचं?"

"कसं म्हणजे? तोंडानं."

सुनंदा खाली बघत म्हणाली, "तीळ भाजले खमंग, गूळ घेतला चिरून, सुनंदाचं नाव घेते, दार आतून लावून." बायका हसल्या, एकीनं तिला जवळ घेतलं, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी फोन चालूच ठेवला होता. काकूंनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "हे पण नाही टाकायचं. हे आपलं आपल्याला." शेवटी लोकांना तिळगुळाच्या ताटाचा मुका फोटो दिसला. तोही बऱ्यापैकी आवडला म्हणे.

पुढे उन्हाळ्यात खराच मेसेज आला. सुनंदा नावाची बाई तुमच्याकडे आहे का? मी काकूंना हाक मारली. काकू शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लिही, कोण?" उत्तर आलं, तिचा मामेभाऊ. "लिही, कोण म्हणालात?" उत्तर आलं, मामेभाऊ, तिची आई फार सिरियस आहे, शेवटची भेट होऊ द्या. काकूंनी दारात उभ्या असलेल्या सुनंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला मामाच नाय."

"लिही," काकू म्हणाल्या, "अशी कुणी बाई आम्ही पाहिली नाही." हे वाक्य त्यांना फार वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कुणालातरी सांगायचं होतं. मेसेज करणारा, म्हणजे सुनंदाचा नवराच, नाशिकमधल्या सगळ्याच संस्थांना असं विचारत असणार. आमच्याकडे त्याचं नाव घेणारा रील दिसला असता, तर त्याला विचारायची गरजही पडली नसती. त्या दिवसानंतर मी काकूंशी कधी वाद घातला नाही, म्हणजे फारसा नाही.

काकू आजारी पडल्या तेव्हा मी दवाखान्यात गेले. डोळे मिटलेले होते. दाराचा आवाज झाला तशी बारीक आवाजात म्हणाल्या, "कोण?"

"मी, मंजिरी."

"कोण म्हणालात?"

त्या मला पारखत होत्या की खरंच ओळखत नव्हत्या, हे मला आजही कळलेलं नाही. मी म्हटलं, "मंजिरी." तेवढंच. पदरचं काही जोडलं नाही. "ये," त्या म्हणाल्या. मग जवळ बोलावून त्यांनी मला वाघाचा पासवर्ड कानात सांगितला. नर्सकडे संशयानं बघत. पुढच्या आठवड्यात काकू गेल्या.

आता संस्थेचं खातं सुनंदा बघते. फोटो ती काढते, मेसेजना उत्तरं ती देते, मी फक्त अधूनमधून नजर टाकते. वाघाबद्दल तिला मी मुद्दाम सांगितलेलं नाही. परवा दुपारी घरी बसून मी ते खातं उघडलं. ट्रॅक्टर तसाच. लिहिलं, ताई, फार छान काम, दोन मशीन द्यायच्यात, पत्ता मिळेल का?

लगेच उत्तर आलं, "कोण?"

मी सुचेल ते एक नाव ठोकून दिलं. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आलं, "कोण म्हणालात?"

मी फोन मांडीवर ठेवला आणि पोटभर रडून घेतलं.