दादाच्या गाडीतल्या वायरी

दादा गेल्यावर त्याची गाडी माझ्याकडे आली. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, आई आधीच गेली होती, त्यामुळे चावी घ्यायला माझ्याशिवाय कोणी उरलंच नव्हतं. बेलापूरच्या त्याच्या बिल्डिंगखालून मी गाडी उलव्याला आणली आणि आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये लावून ठेवली. चालवायची इच्छा होत नव्हती आणि विकायचीही होत नव्हती. ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या पाठीचा खोलगट आकार तसाच होता.

तिसऱ्या आठवड्यात वॉचमनने इंटरकॉमवरून विचारलं, "मॅडम, तुमच्या गाडीत कोण बसलंय का?"

"नाही. का?"

"आत लाल लाइट लागते. आमी इथं बोलत उभे राहिलो की लागते, मग विझते."

मी खाली गेले. सकाळचे अकरा वाजले होते, पण आमच्या बेसमेंटमध्ये दिवसाही ट्यूबशिवाय दिसत नाही. गाडी लॉक होती. काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं, काही नव्हतं. "कुठे आहे लाइट?" मी वॉचमनला म्हटलं, आणि तेवढ्यात स्टिअरिंगच्या मागे, मीटरच्या खालच्या कडेला, मसुरीच्या डाळीएवढा लाल ठिपका पेटला. दोन-तीन सेकंद राहिला आणि विझला.

वॉचमन दोन पावलं मागे सरकला. "बघा. तुमी बोललात ना, म्हणून."

मी त्याला गेटवर पाठवलं. तो गेल्यावर मी जे करायला नको होतं तेच केलं. हळूच म्हटलं, "दादा." काही झालं नाही. मग जरा मोठ्याने म्हटलं, "दादा." ठिपका पेटला.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सरकारी कचेरीत वर्षानुवर्षं फायली पुढे सरकवणाऱ्या बाईला तशा गोष्टींसाठी वेळही नसतो. पण त्या दिवशी लिफ्टपर्यंत जाताना मी मागे वळून पाहिलं नाही. पुढचे काही दिवस कचेरीला जाता-येता मी बेसमेंट टाळून समोरच्या गेटनेच ये-जा केली. घाबरले होते ते ठिपक्याला नाही. दादाला मला काही सांगायचं असेल तर ते काय असणार, हे मला माहीत होतं.

आमच्यात झालं होतं ते असं. आई आणि दादा बेलापूरला राहायचे. दादा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होता, कॉम्प्रेसर हाउसमध्ये, सव्वीस वर्षं. एका सुट्टीच्या दुपारी आई बाथरूममध्ये पडली. तिच्या हाका शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडून ऐकू गेल्या. त्यांच्याकडे आमची एक चावी असायची. त्या दार उघडून आत आल्या, तर दादा आतल्या खोलीत पाठमोरा बसून टेबलफॅनची मोटर खोलत होता. बाथरूमपासून दहा-बारा पावलांवर. काकूंनी खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकून उठला.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती काही परत उभी राहिली नाही. चोविसाव्या दिवशी गेली.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर, घरात अकरा माणसं बसलेली असताना, मी दादाला म्हटलं, "आई अर्धा तास ओरडत होती. तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस."

मामा समोर बसला होता, मावशी होती, काकू होत्या. कोणी काही बोललं नाही. दादा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मग उठला आणि उष्टी पानं गोळा करायला लागला.

काही महिन्यांनी आईचं शिवणयंत्र त्याने माझ्याकडे पोचवायचं ठरवलं. पुढची सीट पाडून त्यावर यंत्र आडवं ठेवलं होतं, म्हणून मी मागे बसले. एवढ्या वर्षांत त्या गाडीत मी मागे बसले ती एकदाच. खाडीवरच्या पुलावर गाडी चढली तेव्हा मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. मला माफ कर."

तो काहीच बोलला नाही. आरशात त्याचे डोळे दिसत होते. एकदा माझ्याकडे वळले, पुन्हा रस्त्याकडे गेले. मी वाट बघितली. उलव्याच्या सिग्नलपर्यंत वाट बघितली. घरी त्याने यंत्र वर आणून ठेवलं, पाणी प्यायला, यंत्राला तेल घाल म्हणाला आणि गेला.

त्यानंतर मी त्याला फोन करणं सोडलं. तोही करायचा नाही. मेसेज मात्र पाठवायचा. "पोचलीस का." "आज तुमच्याकडे पाणी नाही असं वाचलं." मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवायची. माफी मागूनही मिळाली नाही, तर आणखी काय करायचं, असं मनात धरून मी वर्षभराहून जास्त बसले. मग एका सकाळी तो कामाला निघताना जिन्यातच कोसळला.

गाडीची बॅटरी पूर्ण उतरली, आणि चार्ज करूनही आठ दिवसांत पुन्हा उतरली, तेव्हा मात्र काहीतरी करणं भाग होतं. कचेरीतल्या एका बाईंनी दिवाळे गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सांगितलं. साठीचा माणूस. तरुणपणी मासेमारीच्या बोटींचं वायरिंग करायचा, नंतर गाड्यांकडे वळला. त्याची शेड गावाच्या कडेला होती, समोर बांबूंवर मासळी वाळत घातलेली. एका शनिवारी बॅटरी तात्पुरती चार्ज करून मी गाडी तिकडे नेली.

त्याने बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"ताई, ही गाडी हाय का टेलिफोन एक्श्चेंज?"

मीही पहिल्यांदाच बघत होते. इंजिनाच्या अंगावरून, कडेने, बॅटरीखालून लाल, पिवळ्या, निळ्या वायरी गेलेल्या. काही प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या, काही नुसत्या लोंबत. बऱ्याच वायरींना जखमेवर लावतात तसल्या चिकटपट्टीचे तुकडे गुंडाळलेले आणि त्यांवर बॉलपेनने दादाचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. हॉर्न. डावा. उजवा. बाहेर. त्याच्या मृत्यूनंतर त्याचं अक्षर मी पहिल्यांदाच बघत होते. मी बाजूच्या लाकडी खोक्यावर बसले.

"कंपनीचं वायरिंग चांगलंय," तो म्हणाला. "वरची सगली जोडाजोडी कोनी केली?"

"माझ्या भावाने. गेला तो."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मंग मी असं करतो. एकेक वायर कुठं जाते ते बघतो. नको ती काढू, हवी ती पायपात घालून कडेनं नेऊ. बॉनेट उघडल्यावर काय सुदिक दिसनार नाय. पन कुठं जाते ते कळल्याबिगर मी वायर कापत नाय. बोटीवर एकदा कापली होती."

एवढं बोलून त्याने वायरीतला करंट बघायचा छोटा टेस्ट लॅम्प काढला.

काम तीन शनिवार चाललं. मी तिथेच बसून राहायची. तो टेस्ट लॅम्पचं टोक एकेका वायरीला लावायचा आणि मला सांगायचा, "ताई, आत बसा. हॉर्न दाबा." मी दाबायची. "आत काय झालं?" मीटरच्या कडेला एक हिरवा ठिपका लागायचा. इंडिकेटर दिला की पिवळा. इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत असताना वर आणखी दिवा कशाला, मला कळेना. 'बाहेर' लिहिलेली वायर पुढच्या जाळीमागे बसवलेल्या एका छोट्या माइकपर्यंत गेली होती. त्याने जाळीसमोर टाळी वाजवली आणि माझ्या मांडीखाली सीट थरथरली. मी किंचाळून बाहेर आले. मोबाइलमधली असते तसली बारकी मोटर दादाने सीटच्या फोममध्ये बसवली होती.

तो हात पुसत माझ्याजवळ आला.

"ताई, राग मानू नका. भावाला कानाचा तरास होता का?"

"नाही," मी म्हणाले. लगेच म्हणाले.

"बोटीच्या इंजिनावर बसतो ना, त्याला भोंगा ऐकू येत नाय. त्याच्यासाठी आमी असाच दिवा लावायचो. हॉर्न वाजला का नाय, मागून कोन वाजवतो का, हे ज्याला ऐकू येतं तो एवडा खटाटोप करंल का?"

समोर बायका मासळी उलटत होत्या. मी त्यांच्याकडे बघत बसले. कॉम्प्रेसर हाउसमधला सव्वीस वर्षांचा यंत्रांचा गडगडाट. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघणं. टीव्ही नेहमी खालच्या अक्षरांसकट. फोन नाही, फक्त मेसेज. काकूंनी खांद्याला हात लावल्यावर दचकणं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं होतं आणि मी त्यातलं काहीही बघितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी एकच वायर उरली. ती सरळ बॅटरीवरून निघाली होती, त्यामुळे चावी काढली तरी चालूच राहायची. बॅटरी उतरायची ती हिच्यामुळेच. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून ती आत शिरली होती. त्याने गालिचा उचलला, वायरीच्या मागोमाग बोटं सरकवत नेली आणि मागच्या सीटखाली पोचला. तिथे दुसरा माइक होता. लाल ठिपका त्याचा होता.

बॅटरीजवळच्या टोकाला चिकटपट्टी होती. बाकीच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, हिच्यावर अजून पांढरेपणा होता. त्याने चष्मा लावून वाचलं.

"हाक," तो म्हणाला. "असंच लिवलंय. हाक." मग मला विचारलं, "मागं कोन बसायचं?"

"कोणीच नाही. मी. एकदा."

मी परत खोक्यावर बसले. त्याने मला स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं आणि तो शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उगाच पाने-पक्कडी लावत बसला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ही काढू का ठेवू?"

ठेवा म्हणणार होते. पण मग बेसमेंटमध्ये कोणीही बोललं की तो ठिपका पेटणार होता आणि मी घराबाहेर पडताना रोज त्याची वाट बघणार होते. मी काढा म्हटलं. त्याने ती सगळी वायर हळूहळू ओढून बाहेर काढली, कोपर आणि अंगठ्यावर घेऊन गुंडाळली आणि पट्टी तशीच ठेवून माझ्या हातात दिली. बाकीच्या त्याने काळ्या पायपात घातल्या, वरून कापडी टेप फिरवला, कडेकडेने क्लिपांत बसवल्या. शेवटी बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा इंजिन शोरूममधल्यासारखं दिसत होतं. तिथे कधी कोणी हात घातला होता असं कोणाला वाटलं नसतं. तो खूश होता. मला मात्र आपण काहीतरी पुसून टाकलं असं वाटत राहिलं.

त्या रविवारी मी मामाला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"ताईने, तुझ्या आईने, हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं. म्हणाली, मी पोराला दोष देत नाही, त्याला ऐकूच येत नाही. कंपनीत कळलं तर कामावरून जाईल, म्हणून कोणाला बोलू नकोस."

"मग तेराव्याला मी बोलले तेव्हा तू गप्प का बसलास?"

"मी तोंड उघडणार होतो. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. नको, अशी." मामाने डोळे पुसले. "तरी मी बोलायला हवं होतं गं."

त्या संध्याकाळी मी त्याला गाडीतून सोडायला निघाले. पुलाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि मामाला मागे बसायला सांगितलं. मी कानांत बोटं घातली आणि म्हटलं, "आता काहीतरी बोल. काहीही." आरशात त्याचे ओठ हलताना दिसले. तो बोलतोय एवढं कळत होतं. काय बोलतोय ते कळत नव्हतं.

म्हणजे दादाने बघितलं होतं. मी काहीतरी म्हणाले हे त्याला कळलं होतं आणि पुन्हा सांग म्हणायची सोय त्याने स्वतःला ठेवली नव्हती. घरी जाऊन त्याने माइक आणला असावा. पुढच्या वेळी मी मागे बसून बोलले, तर निदान वळून बघता यावं म्हणून. पुढची वेळ मी येऊच दिली नाही. हे सगळं माझं अनुमान आहे. दुसरं काही असूही शकतं. पण रात्री झोप लागेपर्यंत मला हेच खरं वाटतं.

आता ती गाडी मी रोज चालवते. तेराव्याला घरात होते त्या सगळ्यांकडे मी एकेका रविवारी जाऊन आले. काकूंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या. मावशी म्हणाली, "गेला बिचारा, आता कशाला उकरून काढतेस." तिला मी चहाचा कप खाली ठेवायला लावला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. अजून दोघं उरलेत. एक चुलतभाऊ पुण्याला असतो, त्याची बायको त्या दिवशी माझ्या शेजारी बसली होती. पुढच्या महिन्यात तिकडे जायचं आहे. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.